हा काय अवतार!

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. फराळाची ताटली शेजारी घेऊन ती लॅपटॉपसमोर जी बसली, ती तासाभराने जेवायला हाक मारली तरी जागची हलेना. गेम अजून सुरूसुद्धा झाला नव्हता. गेममध्ये शिरण्याआधी स्वतःचं 'कॅरेक्टर' बनवायचं असतं, तेच चाललं होतं. नाक जरा बसकं, मग जरा धारदार. केस कुरळे, मग पोनी. चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. अखेर जांभळ्या केसांची, गोल चष्म्याची एक मुलगी पडद्यावर उभी राहिली आणि आईच्या तोंडून सहज निघून गेलं, "हा काय गं अवतार!"

"आजी, अवतारच म्हणतात त्याला," भाची म्हणाली.

मग तिने मला पंधरा आकड्यांचा एक कोड वाचून दाखवला. "मामा, तुझ्या मोबाइलवर हा टाक." टाकला. पापणी लवते न लवते तोच ती जांभळ्या केसांची मुलगी माझ्या हातात हजर, चष्म्यासकट.

सकाळी सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा एक फोटो उघडायला कधी कधी गोल गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागतं. इथे मात्र नुसते पंधरा आकडे तोंडी सांगितले आणि अख्खा चेहरा आला. मग चित्र नेमकं होतं कुठे?

ते कुठेच नव्हतं. गोम आहे ती इथेच.

मॅटीचं भरतकाम आणि ठिपक्यांची रांगोळी

संगणकाला चित्र सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली मॅटीच्या कापडावरच्या भरतकामासारखी. कापडावर चौकटी असतात आणि कुठल्या चौकटीत कुठल्या रंगाचा टाका घालायचा हे नमुन्यात एकेक करून दिलेलं असतं. फोनमधला फोटो हा असाच चौकटी-चौकटींचा असतो. २०० चौकटी रुंद आणि २०० उंच एवढं लहानसं चित्र घेतलं तरी ४०,००० चौकटी होतात. प्रत्येकीत लाल, हिरवा आणि निळा किती हे सांगायला तीन आकडे, म्हणजे एकूण १,२०,००० आकडे. दाबून-चेपून ते कमी करता येतात, पण पद्धत तीच. आणि असं चित्र मोठं केलं की चौकटीही मोठ्या होतात. गालाची गोलाई जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसू लागते.

दुसरी तऱ्हा ठिपक्यांच्या रांगोळीची. रांगोळीच्या पुस्तकात प्रत्येक कणाचा रंग कोणी लिहीत नाही. किती ठिपके, किती ओळी, कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा आणि कुठल्या पाकळीत कुठला रंग भरायचा, एवढंच असतं. त्याच सूचनेवरून उंबऱ्यापाशी वीतभर रांगोळी निघते आणि अंगणभरही. रेषा दोन्हीकडे तितकीच सुबक.

भाचीचा गेम ज्यात चालत होता, त्या ब्राउझरला ही दुसरी भाषा चांगली कळते. तिचं एक रूप म्हणजे एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ साली ते प्रमाण म्हणून जाहीर केलं. 'इथे अमुक त्रिज्येचं वर्तुळ काढ, त्यात हा रंग भर' अशा ओळी लिहून दिल्या की ब्राउझर चित्र काढून देतो. शिवाय प्रत्येक आकार वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे नंतर 'फक्त केस जांभळे कर' असं म्हणता येतं. दुसरी सोय कॅनव्हास नावाची, ती ॲपलने २००४ साली आणली. ती पाटीसारखी आहे: काढलं की झालं, पाटीला काही आठवत नाही. बदल हवा तर पुसून पुन्हा काढायचं. ते काम मात्र ती इतक्या झपाट्याने करते की धावणाऱ्या-उडणाऱ्या गेमना ती सोयीची पडते.

सोय कुठलीही असो, चित्राच्या सूचना माणसाने एकदाच लिहून न ठेवता प्रोग्रॅमने आकड्यांवरून त्या त्या वेळी तयार केल्या, की त्याला 'प्रोसिजरल' चित्रण म्हणतात. आपण कृतीबरहुकूम काढलेलं चित्र म्हणू. भाचीने मला चकल्या पाठवल्या नव्हत्या. भाजणीचं प्रमाण सांगितलं होतं. सोऱ्या माझ्या फोनमध्ये होताच.

एका आकड्याचं हसू

आता एक तोंड काढून पाहू. १०० घरं रुंद आणि १०० घरं उंच असा चौकटीचा कागद डोळ्यांसमोर आणा. ब्राउझर घरं डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली मोजतो, आपण पान वाचतो तसं. तोंडाचा डावा कोपरा ३०व्या उभ्या रेषेवर, वरून ६० घरं खाली. उजवा कोपरा ७०व्या रेषेवर, तोही ६० घरं खाली. नुसते हे दोन बिंदू जोडले तर सरळ रेघ येईल. म्हणून तिसरा बिंदू घेऊ: मधोमध ५०व्या रेषेवर, ८० घरं खाली. रेघ या बिंदूपर्यंत जात नाही, त्याच्या ओढीने वाकते फक्त.

किती वाकते ते पट्टीनेही काढता येतं. डाव्या कोपऱ्याचा आणि तिसऱ्या बिंदूचा मध्य (४०, ७०). उजव्या बाजूचा मध्य (६०, ७०). या दोन मध्यांचा पुन्हा मध्य काढला की (५०, ७०). आपली वक्ररेषा बरोबर इथून जाते. दोन्ही अर्ध्या भागांवर हाच खेळ पुन्हा पुन्हा केला की बिंदूंची इतकी दाट माळ तयार होते की ती सलग गोलाई दिसते.

ही युक्ती गेमवाल्यांची नाही, मोटारवाल्यांची आहे. मोटारीच्या पत्र्याचा बाक आकड्यांत कसा सांगायचा हा फ्रान्समधल्या कारखान्यांपुढचा प्रश्न होता. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९मध्ये मध्य काढत जाण्याची ही रीत शोधली आणि रेनोमधले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात अशा वक्रांचा प्रसार केला. म्हणून आज त्यांना बेझिए वक्र म्हणतात.

आता गंमत पाहा. त्या तिसऱ्या बिंदूची खोली ८० होती, तेव्हा तोंड हसरं होतं. ती ६० करा: ओठ सरळ, चेहरा मख्ख. ४० करा: रेघ वरच्या बाजूला उचलली जाते आणि कोपरे पडतात, मूल आता रडणार असं वाटतं. बाकी कशालाही हात लावलेला नाही. हाच आकडा क्षणाक्षणाला थोडा थोडा बदलला की चेहरा हळूहळू हसू लागतो. डोळ्याच्या उंचीचा आकडा क्षणभर शून्यावर आणून परत नेला की पापणी मिटते आणि उघडते. गेममधलं पात्र जिवंत वाटतं ते अशा बदलत्या आकड्यांमुळे.

आधी मागचे केस

सुटे अवयव काढणं सोपं. ते एकमेकांवर नीट बसवणं हे खरं काम. कोट घालून त्यावर सदरा चढवत नाहीत, तसं इथेही क्रम चुकवून चालत नाही. ब्राउझर सांगितलेल्या क्रमाने एकावर एक थर देत जातो आणि नंतरचा थर आधीच्याला झाकतो. म्हणून पहिल्यांदा निघतात ते पाठीवरचे केस. मग मान, कान, चेहरा. त्यावर डोळे, भुवया, नाक, तोंड. मग कपाळावरच्या बटा आणि सगळ्यात शेवटी चष्मा. पडद्यावर एक दिसणारी केशरचना प्रत्यक्षात दोन तुकड्यांची असते: एक चेहऱ्यामागे, एक पुढे.

दुसरा प्रश्न जागेचा. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्यांना आठवत असेल: डोळे कपाळाला टेकवायचे नाहीत, डोक्याचा माथा ते हनुवटी यांच्या साधारण मध्यावर घ्यायचे, आणि दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढी जागा सोडायची. प्रोग्रॅमलाही हेच शिकवावं लागतं. 'डोळे ४५व्या घरात काढ' असं पक्कं सांगितलं आणि खेळणाऱ्याने चेहरा लांबुडका केला, तर हनुवटी खाली जाते आणि डोळे वरच राहतात. त्याऐवजी 'डोक्याच्या उंचीच्या निम्म्यावर काढ' असं सांगितलं की चेहरा ताणला तरी डोळे आपोआप सरकतात. भुवया डोळ्यांवरून मोजायच्या, चष्मा नाकावरून, मिशी नाक आणि ओठ यांच्यामधून.

तिसरा प्रश्न भांडणांचा. उंच अंबाडा छान, फेटाही छान. पण दोन्ही एकाच डोक्यावर निवडले तर फेट्याला भोक पाडून अंबाडा वर येतो. अशा प्रत्येक जोडीसाठी नियम लिहावा लागतो: फेटा असेल तर त्याच्या रेषेवरचे केस काढू नको, मानेवरचे तेवढे ठेव. दाढी आणि गळ्यातला हार, कुरळ्या बटा आणि कानातले, टोपी आणि चष्म्याच्या काड्या, अशी भांडणं सोडवण्यात बनवणाऱ्याचे दिवस जातात. चांगल्या गेममध्ये ती कधी झाली होती हे आपल्याला कळतही नाही.

पंचावन्न तुकडे, तेरा लाख चेहरे

गणपतीच्या दिवसांआधी पेणच्या कारखान्यांत गेलात तर एकाच साच्यातून निघालेल्या मूर्ती रांगेने वाळत ठेवलेल्या दिसतात. पुढे हातांची ठेवण, मुकुट, शेला आणि पीतांबराचा रंग बदलत जातो आणि घरोघरचा गणपती वेगळा होतो. अवताराचं गणितही तेच.

समजा, एका गेममध्ये चेहऱ्याचे आकार ६, डोळे १० प्रकारचे, नाकं ८, तोंडं ८, केशरचना १२, त्वचेचे रंग ६ आणि केसांचे रंग ५ आहेत. चित्रकाराला करायच्या गोष्टी ५५. पण कुठलंही नाक कुठल्याही डोळ्यांबरोबर चालत असल्याने चेहऱ्यांची संख्या बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते: ६ × १० × ८ × ८ × १२ × ६ × ५ = १३,८२,४००.

यातला नेमका एक चेहरा सांगायला किती माहिती लागते? 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारत गेलात, आणि दर प्रश्नाला निम्मे चेहरे बाद केलेत, तर २१ प्रश्न पुरतात. मोदकांइतकेच! संगणकाच्या हिशेबात हे तीन बाइटांपेक्षाही कमी. मघाच्या भरतकामाच्या १,२०,००० आकड्यांशी तुलना करा.

निन्टेन्डोने २००६ साली वी या खेळयंत्राबरोबर 'मी' नावाची पात्रं आणली, तेव्हा ही काटकसर लाखो घरांनी पाहिली. एका 'मी'ची पूर्ण कृती, तिच्या नावासकट, ७४ बाइटांत मावत असे. त्यामुळे यंत्राच्या रिमोटमध्ये दहा 'मी' भरून मित्राच्या घरी नेता येत. खिशातून माणसं नेल्यासारखंच की!

तरी तेरा लाख चेहरे म्हणजे प्रत्येकाला वेगळा चेहरा मिळेलच, असं समजू नका. चेहरे नशिबावर सोडले, तर साधारण १,४०० खेळाडू जमताच कुठल्या तरी दोघांचा चेहरा हुबेहूब सारखा निघण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. वर्गात ६० मुलं असली की दोघांचा वाढदिवस हमखास एकाच दिवशी निघतो, तसंच. जोड्या माणसांपेक्षा फार वेगाने वाढतात.

नावातून चेहरा

काही गेममध्ये चेहरा निवडायला कोणी नसतंच. बास्केटबॉल जीएम हा ब्राउझरमध्ये खेळायचा गेम घ्या. त्यात आपण संघाचे व्यवस्थापक; दर हंगामात नवे काल्पनिक खेळाडू येतात. एवढे चेहरे काढायला चित्रकार कुठून आणणार? तिथे प्रोग्रॅमच एसव्हीजीमध्ये चेहरे काढतो.

म्हणजे आकडे नशिबावर सोडायचे. पण नशीब पुन्हा तसंच उगवायलाही हवं, नाहीतर आजचा बसक्या नाकाचा खेळाडू उद्या गरुडनाक्या व्हायचा. एक उपाय म्हणजे निघालेली कृती जपून ठेवायची. दुसरा उपाय जास्त मजेदार: नशीबच बीजातून उगवायचं. बी तेच पेरलं की झाडही तेच.

बीज नावातून काढता येतं. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो: 'क'चा २३२५, 'म'चा २३५०, 'ल'चा २३५४. पहिला क्रमांक घ्या, ३१ने गुणा, पुढचा मिळवा, पुन्हा ३१ने गुणा, पुढचा मिळवा. 'कमल'चे होतात २३,०९,५२९ आणि 'कलम'चे २३,०९,६४९. अक्षरं तीच, पण क्रम बदलला की बीज वेगळं.

आता बीजातून आकड्यांची रांग काढू. शेवटचे दोन अंक घ्या, २१ने गुणा, १७ मिळवा, आणि उत्तराचे पुन्हा शेवटचे दोन अंक ठेवा. 'कमल'च्या २९ पासून येतात २६, ६३, ४०. 'कलम'च्या ४९ पासून ४६, ८३, ६०. पहिल्या आकड्यावरून डोळे ठरवा, दुसऱ्यावरून नाक, तिसऱ्यावरून केस.

नजर तीक्ष्ण असेल तर खोट दिसली असेल: दोन्ही रांगांत दरवेळी २०चाच फरक आहे! असं यंत्र वापरलं तर कमल आणि कलम बहिणी-बहिणी दिसतील. म्हणून खऱ्या कामात आकडे कितीतरी मोठे घेतात आणि ते अनेकदा घुसळतात. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत यादृच्छिक आकडा देणारी तयार सोय आहे, पण तिला आपलं बीज देता येत नाही. त्यामुळे गेम बनवणारे हे घुसळणयंत्र बहुधा स्वतःच लिहितात.

पोह्यांच्या दहा हजार बशा

या मार्गाने चेहरे रग्गड निघतात, पण लक्षात राहतातच असं नाही. या क्षेत्रातल्या जाणकार केट कॉम्प्टन यांनी या दुखण्याला नाव दिलं आहे: ओटमीलच्या दहा हजार वाट्या. आपण पोहे म्हणू. दहा हजार बशांमध्ये मोहरीचा दाणा न् दाणा वेगळ्या जागी पडलेला असतो, गणिताने प्रत्येक बशी वेगळी. खाणाऱ्याला मात्र सगळे पोहेच.

उलट टोकही वाईट. नाकाची रुंदी, कपाळाची उंची, कानांचा आकार सगळंच सारख्या शक्यतेने कसंही निवडलं, तर गर्दीत निम्मी माणसं विचित्र दिसतात. खऱ्या गर्दीत मध्यम नाकं पुष्कळ आणि टोकाची थोडी असतात. यावरचा सोपा उपाय म्हणजे एकाऐवजी दोन फासे टाकून बेरीज घ्यायची. सातची बेरीज येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग, दोनची येण्याचा एकच. मध्यम आपोआप वारंवार येतं, विचित्र क्वचित. मग एखादा सुपासारख्या कानांचा दिसला की तो लक्षातही राहतो.

याशिवाय काही गोष्टी सुट्या निवडायच्याच नसतात. भुवयांचा रंग केसांवरून घ्यायचा. नाकाखालची सावली त्वचेचाच रंग थोडा गडद करून काढायची. सगळ्यांना एकच करडी सावली दिली की सावळे चेहरे राख फासल्यासारखे दिसतात.

एवढी काळजी घ्यावी लागते, कारण बघणारे आपण. आपली नजर चेहरे वाचण्यात पटाईत असते. या गोष्टीचा उपयोग संख्याशास्त्रज्ञ हर्मन चेर्नॉफ यांनी १९७३मध्ये वेगळ्याच कामाला केला. आकड्यांचे तक्ते वाचून डोकं शिणतं, म्हणून त्यांनी आकड्यांचे चेहरे केले: एक मोजमाप म्हणजे चेहऱ्याची रुंदी, दुसरं म्हणजे तोंडाचा बाक, अशी १८ पर्यंत मोजमापं एका चेहऱ्यात. शंभर चेहऱ्यांत वेगळा कोण, हे मग एका दृष्टिक्षेपात कळतं. हीच नजर गेममध्ये जराशा चुकलेल्या डोळ्यालाही माफ करत नाही.

चौकट: एका चेहऱ्याचा प्रवास

• खेळणारा निवड करतो, किंवा नावातून बीज तयार होतं.
• निवडीचे काही आकडे, म्हणजे कृती, जपले जातात. चित्र जपलं जात नाही.
• ब्राउझर त्या आकड्यांवरून वक्ररेषा आखतो.
• अवयवांच्या जागा एकमेकांवरून मोजल्या जातात.
• मागून पुढे असे थर चढतात. भांडणाऱ्या जोड्यांना नियम आवर घालतात.
• कृती दुसऱ्या फोनवर गेली की तिथे चेहरा नव्याने निघतो.

शेवटी आखणी

'अवतार' हा शब्द संगणकाच्या खेळांत १९८०च्या दशकात गेला. १९८५च्या अल्टिमा फोर या गेमच्या नावातच तो होता. लुकासफिल्मच्या हॅबिटॅट या खेळात, एकमेकांपासून दूर बसलेली माणसं पडद्यावर ज्या रूपात भेटत, त्यालाही अवतारच म्हणत. वरून खाली उतरणं हा त्याचा मूळ अर्थ. खेळात उतरणारा खेळाडूच तो, म्हणून शब्द चपखल बसला. पण मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ घरच्या घरी दिला होता. पावसात भिजून आलेल्या पोराला दारातच ऐकवतात, 'काय अवतार झालाय बघ आरशात!' या वेळी, या क्षणी तू असा दिसतोस. गेममधल्या अवताराची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही: जपून ठेवलेलं चित्र नव्हे, त्या त्या क्षणी निघालेलं रूप.

पेणच्या कारखान्यात मूर्तीचं सगळं काम झालं तरी डोळ्यांची आखणी उरते. ती कुणाकडेही देत नाहीत. हात बसलेला माणूसच लागतो. बुबुळ दोऱ्याएवढं इकडेतिकडे झालं तरी मूर्ती भलतीकडे बघते. चेहरे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येही असा माणूस आहे, फक्त तो दिसत नाही. डोळ्यांत किती अंतर, हसू किती खोल, नाकाची रुंदी कुठवर जाऊ द्यायची, हे आकडे कोणीतरी हजारो चेहरे पुन्हा पुन्हा काढून, डोळे बारीक करून, ठरवलेले असतात.

संध्याकाळी आईने भाचीला हाक मारली. "तुझ्या त्या यंत्रात म्हातारी होते का गं?" भाचीने केस पांढरे केले, अंबाडा निवडला, चष्मा जाड केला. आईने बराच वेळ पाहिलं.

"डोळे जरा जवळ घे," ती म्हणाली. भाचीने एक आकडा कमी केला.

"हं. आता मी."